जीएसटीची गाळणी

दारात बसणाऱ्या माणसाकडं दोनच गोष्टी जमतात. लोकांच्या ओल्या छत्र्या अन् लोकांचे किस्से. छत्र्या लोक परत घेऊन जातात. किस्से माझ्याकडंच राहतात! आता इतके झालेत की एक काढायला गेलं तर मागनं चार घरंगळत येतात.

लिहायचं म्हणाल तर आपली बोंब आहे. शाळा मी लांबनंच बघितली. म्हणून मी फोनला सांगतोय अन् फोन लिहून घेतोय. काही चुकलं तर चूक फोनची. हसू आलं तर माझं.

माझं दार वेंटवर्थव्हिलच्या मेन रोडला, दुकानांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. आत माझ्या पोराचं, मिलिंदचं, अकाउंटन्सीचं ऑफिस. लोकांचा टॅक्स भरून द्यायचा. आत मिलिंद, त्याच्या हाताखाली पुण्याची श्वेता, अन् दारात जिन्याच्या लोखंडी कठड्याला चिकटून माझी खुर्ची. खुर्ची जुनी, गोल फिरणारी, रेक्झिन फाटलेलं. बसलं की कुईं करते.

मी पिंपरीला कारखान्याच्या कॅन्टीनला चहा करायचो. इथं पण चहाच करतो. ऑस्ट्रेलियात येऊन माझी लाइन बदलली नाही. भल्याभल्या इंजिनियरांना हे जमलेलं नाही!

*

पहिला किस्सा फिल्टरवाल्याचा. हा आधी सांगावाच लागतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापासनं सुरू झालं.

एक दिवस टाय लावलेला, काळी बॅग घेतलेला एक गोरा माणूस जिना चढून आला. पाणी साफ करायचा फिल्टर विकत होता. बिचाऱ्याला सगळ्या दुकानांनी बाहेरच्या बाहेर कटवलेलं. त्याला बघितलं अन् माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी आत गेलो, तोंड सुतकी केलं अन् हळूच म्हणलं, "मिलिंद, टॅक्स ऑफिसातनं साहेब आलेत. बसवलंय."

एवढंच! आणखी एक शब्द मी बोललो असेन तर सांगा.

श्वेतानं तोंडातला घास न चावता गिळला. मिलिंदनं घाईघाईत कोट उलटा घातला. आमच्या ऑफिसात कोपऱ्यात गणपती आहे, म्हणून लोक बूट दारातच काढतात. आत एक क्लायंट बसलेला, तो "मी नंतर येतो" म्हणाला अन् मागच्या जिन्यानं जो पळाला, तो बूट इथंच टाकून!

फिल्टरवाल्याला आत नेलं. चहा दिला, बिस्किटं दिली, मिलिंदनं स्वतःच्या ड्रॉवरमधली काजूकतली काढली. त्या माणसानं बॅगेतनं मशीन काढून टेबलावर ठेवलं तरी मिलिंद आपला "येस सर, येस सर"! त्याला वाटलं, साहेबांची चौकशी करायची हीच पद्धत असेल.

जाताना तो माणूस माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मेट," म्हणजे दोस्ता, "इतकी वर्षं विकतोय, असा मान मला कुणी दिला नाही."

मिलिंदनं फिल्टर घेतला होता! अजून आमच्या पॅन्ट्रीत आहे. पाणी चांगलं येतं.

*

त्या दिवशी घरी पोचल्यावर मिलिंद म्हणाला, "अण्णा, पुढच्या आठवड्यात शाळेची एक मुलगी येणारे आपल्याकडं. वर्क एक्सपिरियन्सला."

इकडं तसं असतं. दहावीच्या पोरांना आठवडाभर कुठंतरी कामाला पाठवतात. नोकरी काय असते त्याची चव कळायला. मग पोरं घाबरून अभ्यासाला लागतात.

"तिच्या शाळेचे सर पण बघायला येणार," मिलिंद म्हणाला. "शाळेत आपलं नाव जाणार. तुम्ही त्या आठवड्यात एक जरी चेष्टा केलीत ना अण्णा, तर ती खुर्ची गाडीत टाकून घरी. खुर्ची पण घरी अन् तुम्ही पण घरी."

हसू नका. घर आमचं क्वेकर्स हिलला. मोठं आहे, छान आहे. पण सून जाते कामाला, नातू जातो युनीला, म्हणजे कॉलेजला, मग संध्याकाळपर्यंत तिथं मी अन् कुंपणापलीकडं शेजाऱ्यांचं कुत्रं. बेली नाव त्याचं. बेलीला माझे सगळे किस्से सांगून झालेत. तो हसत नाही.

म्हणून मी देवापुढं शपथ घेतली. आठवडाभर शहाण्यासारखं वागायचं!

सोमवारी टिकली शपथ.

*

सोमवारी ती आली. गार्गी तिचं नाव. राहायला पेंडल हिलला, इथनं जवळच, म्हणून सायकलवरनं आली. डोक्यात हेल्मेट, गळ्यात सायकलची साखळी-कुलूप, अन् अंगात बापाचा टाय! आई मागनं गाडीतनं आली, खास सूचना द्यायला.

"गार्गी, हे आजोबा. नमस्कार कर. आजोबा म्हणायचं. मराठीत बोलायचं. मोबाइल नाही. काय?"

"ओके मम."

आई गेली. पोरीनं हेल्मेट अन् साखळी माझ्या खुर्चीखाली सरकवली अन् इकडंतिकडं बघून सुस्कारा सोडला. मी म्हणलं, "का गं? आवडलं नाही ऑफिस?"

"आय वॉन्टेड द झू," ती म्हणाली. म्हणजे तिला आठवडाभर प्राणिसंग्रहालयात कामाला जायचं होतं. तिथल्या जागा भरल्या, म्हणून बापानं इथं चिकटवलं.

मी म्हणलं, "नाराज होऊ नको. हे पण झूच आहे. फक्त इथले प्राणी स्वतः अपॉइंटमेंट घेऊन येतात."

ती पहिल्यांदा हसली. मग मला खालपासनं वरपर्यंत बघून म्हणाली, "अँड यू? व्हॉट डू यू डू हिअर?"

"आत बसलाय ना टायवाला? त्याला मी लहानपणी चपलेनं मारलेलं आहे."

"ओह! सो यू आर द बॉस."

झालं. त्या दिवसापासनं मी बॉस. आजोबा कुठं गेले कुणास ठाऊक!

*

मंगळवारी मिलिंद सकाळीच एका क्लायंटकडं बाहेर गेला. पोरगी बसलेली श्वेताशेजारी, कागदांना भोकं पाडत. तोंड असं, जसं काही कारल्याचा रस पाजलाय. मला बघवंना. शपथ वगैरे ठीक आहे, पण देव पण समजून घेतो ना परिस्थिती!

मी म्हणलं, "गार्गी, जरा खाली जाऊन ये. जीएसटी काढायची गाळणी आण. आपली तुटली."

"जीएसटीची गाळणी?"

"मग? प्रत्येक बिलात जीएसटी मिसळलेला असतो. तो गाळल्याशिवाय श्वेता काम कसं करणार? खाली नीलेशभाईचं किराणा दुकान आहे. त्याला सांग, बॉसनं मागितलीय. बारीक जाळीची."

श्वेतानं कॉम्प्युटरमागं तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते.

पोरगी जिना उतरली तेवढ्यात मी नीलेशभाईला फोन लावला. "नीलेशभाई, लडकी आ रही है. आगे भेज दो."

नीलेशभाई माझ्याच गावचा पाहिजे होता, चुकून गुजरातेत जन्मला. तो गार्गीला म्हणाला, "अरे बेटा, अभी अभी खतम हुई! मिठाईवाले के पास देख." मिठाईवाला म्हणाला, "माझी सलूनवाल्यानं नेलीय." सलूनवाला म्हणाला, "साडीच्या दुकानात दिली, त्यांचा जीएसटी फार दाट असतो!"

आम्ही दोघं खिडकीतनं बघतोय. पोरगी या दुकानातनं त्या दुकानात, रस्ता ओलांडून परत इकडं. श्वेता म्हणते, "अण्णा, पाप लागेल हो!" अन् स्वतःच फोनवर शूटिंग करतीय!

बऱ्याच वेळानं पोरगी वर आली. हातात खरोखरची गाळणी! चहाची, स्टीलची, नवी कोरी. दुसऱ्या हातात पावती. अन् तोंडावर बिलकूल हसू नाही. गाळणी माझ्या पुढ्यात ठेवली.

"मिळाली, बॉस. बारीक जाळीची. पावतीत जीएसटी पण आहे." पावती गाळणीत टाकली अन् हाताची घडी घालून उभी राहिली. "आता काढून दाखवा."

आता काय दाखवू, कपाळ? मी गाळणी हातात घेतली, हलवली, उजेडाकडं धरली. तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज. मिलिंद! मी दारात उभा, गाळणीत पावती घालून चाळतोय, समोर शाळेची पोरगी!

"काय चाललंय अण्णा?"

खुर्ची गेली, म्हणलं. आता बेली अन् मी.

गार्गी शांतपणे म्हणाली, "नथिंग, मिलिंद अंकल. जुनी गाळणी तुटलेली. मी नवीन आणली. बॉस चेक करतायत, चहाची पावडर खाली पडते का."

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं, गाळणीकडं बघितलं, आत गेला.

मी हळूच विचारलं, "तुला कळलं कधी गं?"

"पहिल्याच दुकानात."

"मग पुढं तीन दुकानं कशाला हिंडलीस?"

"दुसऱ्या दुकानात जिलबी दिली, बॉस. मग मी म्हटलं, लेट्स सी तिसऱ्यात काय देतात!"

*

बुधवारी एक फोन आला. श्वेताचे हात गुंतलेले, म्हणून तिनं गार्गीला स्पीकरवर घ्यायला सांगितलं. पलीकडं एक आयटीवाला क्लायंट, घरनं काम करणारा.

"मला एक विचारायचंय. मी दिवसभर घरून काम करतो. माझी बायको मला चहा देते, जेवण देते, फोन घेते. म्हणजे ती ऑफिसचंच काम करते ना? तिला स्टाफ म्हणून टॅक्समध्ये दाखवता येईल का?"

श्वेता काही बोलायच्या आत गार्गीनं विचारलं, "सर, डझ शी गेट लीव्ह?" म्हणजे, तिला सुट्टी मिळते का?

पलीकडं लांबनं, किचनमधनं असणार, बाईचा आवाज आला, "कोण आहे ती पोरगी? तिला सांग परत विचार! मोठ्यानं विचार!"

फोन कट.

त्या माणसानं त्या वर्षी बायकोला दाखवलं नाही. पण तिला घेऊन फिजीला जाऊन आला म्हणे!

*

त्याच दिवशी दुपारी, म्हणजे इकडच्या भाषेत आर्व्होला, एक काका-काकू आले. टॅक्सचं काही काम नाही. हातात लाडवाचा डबा. आमच्याकडं असे डबेवाले आले की मिलिंद फायलीत डोकं खुपसतो. कारण आपल्या लोकांची पक्की समजूत, की मुलगा बघायचा तर पत्रिका नंतर, आधी त्याच्या अकाउंटंटला भेटा!

काकू म्हणाल्या, "मिलिंद, तो अमेय म्हणून मुलगा तुमच्याकडं येतो ना? आमच्या मुलीसाठी बघतोय. कसा आहे?"

"काकू, मी क्लायंटचं काही सांगू शकत नाही."

"अरे आकडा नको सांगू. मी म्हणते बरा आहे ना, तू नुसता डोळे मिटून उघड."

मिलिंद डोळेच मिटेना! टक लावून बसला, डोळ्यांत पाणी यायला लागलं. काकांनी आशेनं विचारलं, "रडतोयस का रे? एवढं वाईट आहे?"

शेवटी काकू उठून बाहेर आल्या अन् गार्गीच्या हातावर लाडू ठेवला. "बाळा, तू बघितलंस का गं त्या अमेयला? सोमवारी आला होता म्हणे."

मिलिंद आतनं ओरडला, "गार्गी! प्रायव्हसी!"

"आय नो, अंकल," गार्गी म्हणाली. लाडू खाल्ला, नीट गिळला अन् म्हणाली, "आंटी, त्याच्या टॅक्सचं मी काही सांगू शकत नाही. पण बॉसनी त्याला चहा दिला, तेव्हा तो थँक यू म्हणाला. अन् गेला तेव्हा स्वतःचा कप स्वतः धुवून ठेवला."

काकूंनी काकांकडं बघितलं. काका चष्मा पुसायला लागले, कारण घरी त्यांचा कप कोण धुतं ते सगळ्या पेंडल हिलला माहितीय.

काकू म्हणाल्या, "पक्कं करा!"

ही बातमी फुटली. तेव्हापासनं आमच्याकडं लग्नाचं जे पोरगं येतं, ते टॅक्स राहिला बाजूला, आधी कप कुठं धुवायचा ते विचारतं. एकानं तर माझा पण धुतला. त्यात माझा चहा होता अजून!

*

आता गुरुवार. गुरुवारी मी शप्पथ सांगतो, काहीच केलं नाही. माझ्या आख्ख्या आयुष्यात एवढा सज्जन दिवस दुसरा नसेल.

दुपारी जिना चढून एक गोरा माणूस आला. टाय, काळी बॅग, कपाळावर घाम. हुबेहूब फिल्टरवाल्याचा भाऊ! नम्रपणे म्हणाला, गार्गीच्या शाळेतनं आलोय. मी त्याला बसवलं, आत गेलो अन् सरळ, खरं, साधं सांगितलं, "मिलिंद, शाळेचे सर आलेत."

मिलिंदनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. काचेतनं बाहेर टायकडं अन् बॅगेकडं बघितलं. अन् हसायला लागला.

"वा अण्णा! परत तेच? निदान टायचा रंग तरी बदलायचा!"

"अरे खरंच सर आहेत."

"हो ना. अन् मी पंतप्रधान!" असं म्हणून तो बाहेर गेला, सरांच्या खांद्यावर हात टाकला अन् म्हणाला, "सॉरी मेट, आमच्याकडं फिल्टर आहे ऑलरेडी."

सर म्हणाले, "पार्डन?"

"म्हाताऱ्यानं किती दिले तुम्हाला? चहाबिहा पाजला का?" सरांना धरून जिन्याकडं न्यायला लागला. "ॲक्टिंग चांगली करता हं. घाम वगैरे. व्हेरी गुड."

मी मागनं म्हणतोय, "मिलिंद, अरे मिलिंद." तो मला डोळा मारतोय!

सरांचा एक पाय खालच्या पायरीवर गेलेला, तेवढ्यात गार्गी पॅन्ट्रीतनं बाहेर आली. "गुड आफ्टरनून, सर!"

मिलिंदचा हात सरांच्या खांद्यावर होता तसाच राहिला. तो काढावा का ठेवावा हे त्याला कळंना. शेवटी त्यानं त्या खांद्यावरची धूळ झटकली!

सरांनी टाय नीट केला अन् गार्गीला विचारलं, की इथं तुझ्याकडं लक्ष कोण देतं?

गार्गीनं मिलिंदकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बॉस," ती म्हणाली. अन् बोट माझ्याकडं!

सर स्टूल ओढून माझ्यापुढं बसले. आता माझं इंग्रजी किती? येस, व्हेरी गुड, नो वरीज. पण माणसाला याच्यापेक्षा जास्त लागतं कशाला?

सर म्हणाले, पोरगी वेळेवर येते का? मी म्हणलं, "येस."

प्रश्न विचारते का? "व्हेरी गुड."

काही अडचण? "नो वरीज."

मग म्हणाले, या आठवड्यात तिला काय शिकवलंत? मी जरा विचार केला. म्हणलं, "जीएसटी."

सर खूश! चहा प्यायले, परत मागून प्यायले. जाताना मिलिंदकडं न बघता माझ्याशी हात मिळवला अन् गार्गीला म्हणाले, तुझं नशीब चांगलं, असा बॉस मिळाला.

सर खाली पोचले असतील नसतील, मिलिंद माझ्यापुढं उभा.

"अण्णा, बास झालं. सोमवारी तुमच्या सुनेची मोठी गाडी आणतो. खुर्ची घरी."

"अरे, पण मी खरं बोललो!"

"तेच ना! तुम्ही खरं बोलता तरी मला कळत नाही. मी काय करायचं मग?"

याच्यावर तुम्हाला काही उत्तर सुचलं तर सांगा.

*

शुक्रवारी केक आणला गार्गीला निरोप द्यायला. श्वेतानं मेणबत्ती पण लावली, वाढदिवस कुणाचाच नसताना. सगळे हसत होते. मी आपला खुर्चीत, जरा जास्तच शांत.

गार्गी केकची बशी घेऊन माझ्याकडं आली. श्वेतानं तिला खुर्चीचं सांगितलेलं.

"बॉस, सोमवारपासून कुठं बसणार?"

"घरी."

"घरी कोण असतं?"

"शेजाऱ्यांचं कुत्रं."

"नाव काय?"

"बेली."

तिनं मान हलवली. एवढंच. ना 'अरेरे', ना 'पुअर थिंग'. मला जरा वाईटच वाटलं. म्हणलं, इकडं जन्मलेली पोरं, ह्यांना काय त्याचं!

मग म्हणाली, "गाळणी मी घेऊ?"

"घे की. तूच आणलेली. आठवण ठेव."

गाळणी घेऊन खाली गेली. बराच वेळ आलीच नाही. आई न्यायला आली तेव्हा कुठं जिलबी चघळत वर आली. म्हणाली, "जरा उठा बॉस, माझं हेल्मेट." मी उठलो. ती खुर्चीखाली घुसली, खुडबूड खुडबूड केली, हेल्मेट काढलं. सायकल आईच्या गाडीत टाकली अन् गेली. जायच्या आधी दारातनं वळून नमस्कार केला, पूर्ण वाकून, आईनं न सांगता. मी मग संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीत बसून होतो. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

*

सोमवार.

मिलिंद मोठी गाडी घेऊन आला. बाह्या वर केल्या. "उठा अण्णा." मी उठलो. त्यानं खुर्ची उचलली, ती अर्धी आली अन् खाडकन थांबली! परत ओढली. परत खाडकन! वाकून बघतो, तर सायकलची साखळी. खुर्चीच्या पायाभोवती दोन वेढे अन् जिन्याच्या लोखंडी कठड्याला कुलूप!

मिलिंद हळूहळू सरळ झाला. "अण्णा."

"देवाशप्पथ मला माहीत नाही."

"अण्णा!!"

"बेलीशप्पथ!"

श्वेता कॉम्प्युटरमागं गेली. खांदे हलायला लागले.

शाळा भरायच्या आधीची वेळ होती. मिलिंदनं गार्गीला फोन लावला, स्पीकरवर. "गार्गी, बेटा, तुझ्या साखळीची किल्ली कुठंय?"

"ओह, सॉरी अंकल! नीलेश अंकलकडं ठेवलीय. बाय, बेल झाली!"

मिलिंद टाय नीट करून खाली गेला. आम्ही दोघं खिडकीत.

नीलेशभाई दुकानातनं बाहेर आला. कपाळाला हात लावला, फार वाईट वाटल्यासारखं तोंड केलं अन् मिठाईवाल्याकडं बोट दाखवलं. मिलिंद तिकडं गेला. मिठाईवाल्यानं त्याच्या हातात काहीतरी दिलं अन् समोर बोट दाखवलं. मिलिंद रस्ता ओलांडून सलूनमध्ये. तिथं बराच वेळ गेला. मग बाहेर आला, परत रस्ता ओलांडला, साडीच्या दुकानात. साडीच्या दुकानातली बाई दारापर्यंत आली अन् तिनं परत नीलेशभाईकडं बोट दाखवलं!

श्वेता म्हणाली, "अण्णा, मला बघवत नाही." अन् फोन काढून शूटिंग चालू केलं.

मग मिलिंद दिसेनासा झाला. जिन्यात बुटांचा आवाज आला. सावकाश, एकेक पायरी. मी जाऊन गपचूप खुर्चीत बसलो. खुर्ची कुईं झाली.

मिलिंद दारात उभा राहिला. मिशी कोरलेली. गालाला पावडर. एका हातात जिलबीचा बॉक्स. दुसऱ्या हातात गाळणी. बारीक जाळीची.

त्यानं गाळणीकडं बघितलं. खुर्चीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग गाळणी माझ्या मांडीवर ठेवली.

"अण्णा," म्हणाला, "चहा टाका."